मैत्रीतून प्रेमाकडे जाणारी किशोर-युवा कादंबरी : सुरुवात घरापासून करा

किशोर-युवा वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचे खर्डे वाचताना एक चूक मला इतक्या वेळा भेटली आहे की आता पहिल्या दहा पानांतच तिची चाहूल लागते. दोन मित्र असतात. ते 'लहानपणापासूनचे' आहेत असे एका वाक्यात उरकलेले असते. दुसऱ्या प्रकरणात त्यांपैकी एकाच्या मनात काहीतरी हलते. आणि तिथून पुढे आईवडील, भावंडे, आजीआजोबा ही सगळी मंडळी एकतर गायब होतात किंवा दार अडवून उभी राहतात. मग मैत्री पटत नाही, प्रेम घाईचे वाटते आणि कुटुंबाला अडथळ्यापलीकडे काही काम उरत नाही. अशा खर्ड्यांत दोष बहुधा भाषेचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो. लेखक आधी प्रेम ठरवतो, मग त्याच्यासाठी मैत्री शोधतो आणि शेवटी घर चिकटवतो. हा क्रम उलटा करायचा आहे.

पुढील टप्पे वास्तववादी, समकालीन कादंबरी डोळ्यांसमोर ठेवून दिले आहेत. या प्रकारात मुख्य पात्रे साधारणपणे १५ ते १८ वर्षांची असतात आणि लांबी बहुधा ५०,००० ते ८०,००० शब्दांच्या दरम्यान राहते. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ६०,००० शब्द आणि प्रत्येकी सुमारे १,५०० शब्दांचे ४० प्रसंग धरले आहेत.

एक उदाहरणही सोबत ठेवू. ती सतरा वर्षांची आहे. वडील बरीच वर्षे वेगळे राहतात. घरी आई आणि दहा वर्षांचा धाकटा भाऊ. तो तिच्याच वयाचा, शेजारच्या घरातला. त्याच्या घरी आईवडील, आजोबा आणि नोकरी करणारी मोठी बहीण. उदाहरणात मुलगा आणि मुलगी असली तरी जोडी दोन मुलींची किंवा दोन मुलांची असल्यास टप्पे तेच राहतात.

तयारी : तीन कागद

लिहायला बसण्यापूर्वी तीन वेगळे कागद घ्या आणि त्यांना नावे द्या: घरांचा कागद, मैत्रीचा कागद आणि 'कोणाला काय माहीत' हा कागद. पहिले दोन आताच भरायचे आहेत. तिसरा सातव्या टप्प्यावर लागेल. कबुलीचा प्रसंग मात्र इतक्यात लिहू नका, तो कितीही स्पष्ट दिसत असला तरी. आधी लिहिलेल्या कबुलीवर लेखकाचा जीव जडतो, आणि मग आधीची तीस प्रकरणे तिच्यापर्यंत पोचण्यासाठी वाकवली जातात.

टप्पा १ : दोन्ही घरांचा ताळेबंद मांडा

घरांच्या कागदावर दोन रकाने आखा आणि प्रत्येक घरासाठी पाच गोष्टी लिहा. घरात कोण राहते आणि रोजचे कोणते काम कोणाकडे आहे. कोण कोणाशी कमी बोलते. कोणता विषय निघाला की सगळे उठून जातात. कोणाच्या मनात कोणाबद्दल अपराधी भावना आहे. आणि या घरात माया कशी दाखवली जाते.

पाचव्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण कादंबरीचे इंजिन तिथेच आहे. मूल प्रेम व्यक्त करायला घरातच शिकते, आणि जे शिकलेले असते त्याच पद्धतीने ते पुढे मित्रापाशी अडखळते. आपल्या उदाहरणात तिच्या घरी कोणी कोणाला काही विचारत नाही. विचारले तर समोरच्याला त्रास होईल, असे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकले आहे. त्याच्या घरी उलट: सगळे मोठ्याने बोलले जाते, प्रत्येक गोष्टीची थट्टा होते, आणि म्हणून गंभीर असे काही बोलताच येत नाही. आता पाहा, एकीला विचारता येत नाही आणि दुसऱ्याला थट्टेशिवाय सांगता येत नाही. दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी हरवलेली चिठ्ठी, अर्धवट ऐकलेले संभाषण किंवा खोडसाळ मैत्रीण यांची गरजच राहिली नाही. अडथळा घरातून आला, आणि तोही कोणाला खलनायक न बनवता.

*पडताळणी:* दोन्ही घरांतील पाचव्या गोष्टीचे उत्तर सारखेच आले असेल, तर एक घर बदला. दोन अबोल घरांतून आलेली दोन अबोल मुले वाचकाला दोनशे पाने धरून ठेवू शकत नाहीत.

*सावधान:* दोघांना एकाच छताखाली, अगदी पाळण्यापासून एकत्र वाढवू नका. अगदी लहान वयापासून एकत्र वाढलेल्या व्यक्तींमध्ये पुढे आकर्षण सहसा निर्माण होत नाही, असे फिनलंडचे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये मांडले होते. वाचकाला हा सिद्धान्त माहीत नसला तरी त्याची अस्वस्थता खरी असते. मराठीत तर हा धोका एका शब्दात लपलेला आहे: कोणत्याही पात्राच्या तोंडी 'तो तिला भावासारखा' हे एकदा आले की ते वाचकाच्या डोक्यातून शेवटपर्यंत जात नाही. दोघे अगदी लहानपणापासून एकत्र हवेच असतील, तर मध्ये काही वर्षांचा दुरावा घाला, म्हणजे परत भेटताना ते निम्मे अनोळखी असतील.

टप्पा २ : मैत्री तुटली तर काय जाईल, याची यादी करा

'मी बोललो तर आपली मैत्री तुटेल' हे वाक्य या प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक खर्ड्यात असते, आणि जवळजवळ प्रत्येक खर्ड्यात ते पोकळ असते; कारण तुटेल म्हणजे नेमके काय होईल, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. ते आता ठरवा, आणि भाववाचक नामे न वापरता ठरवा. 'विश्वास' लिहू नका. 'तिच्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते' असे लिहा.

आपल्या उदाहरणातली यादी अशी होईल. तो आठवड्यातून दोन संध्याकाळी तिच्या भावाला गणित शिकवतो, आणि वडील गेल्यापासून तो मुलगा घराबाहेरच्या एकाच माणसाशी मोकळेपणाने बोलतो, ते म्हणजे याच्याशी. त्याची मोठी बहीण ही तिला आईला न विचारता येणारे प्रश्न विचारण्याची एकमेव जागा आहे. त्याच्या आजोबांना अलीकडे नावे विसरायला होतात, पण हिचे नाव अजून आठवते. तिची आई रात्री उशिरा कामावर असताना निर्धास्त असते, ती शेजारच्या घरात दिवा दिसतो म्हणून.

कुटुंबाला कथेत जागा मिळते ती इथे. मैत्री दोघांचीच असती, तर धोका पत्करणे सोपे होते. पण तिच्या आधाराने आणखी चार माणसे उभी आहेत. वाचकाला कबुलीची भीती वाटायला हवी ती त्या दहा वर्षांच्या मुलाच्या गणिताच्या वहीमुळे.

*पडताळणी:* यादीतील निदान तीन तोटे जोडीबाहेरच्या माणसांचे आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : मैत्रीचे पुरावे गोळा करा

आता मैत्रीचा कागद. 'ते जिवलग मित्र होते' हे सांगितल्याने मैत्री सिद्ध होत नाही. पहिल्या १०,००० शब्दांत निदान सहा प्रसंग असे हवेत की ज्यांत दोघे मैत्रीबद्दल न बोलता दुसरेच काही काम करत आहेत: सायकल दुरुस्त करत आहेत, आजोबांना दवाखान्यात नेत आहेत, भावाच्या शाळेचा प्रकल्प रात्री अकरा वाजता पुरा करत आहेत. काम करताना माणसे एकमेकांना कशी ओळखतात ते आपोआप दिसते. कोण पाना मागण्यापूर्वीच पुढे करतो, कोण कंटाळला की गप्प होतो.

या प्रसंगांसाठी चार प्रकारची सामग्री आधीच लिहून ठेवा. पहिली, एक जुना विनोद, जो कादंबरीत तीनदा येईल आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा बदलेल: प्रथम निव्वळ गंमत, मग काहीतरी लपवण्याचे साधन, आणि शेवटी कोणीच हसत नाही असा. दुसरी, एक जुने भांडण, जे मिटले पण सुटले नाही. न भांडलेली मैत्री मला तरी खरी वाटत नाही. किशोरवयात तर नाहीच. तिसरी, एकाला दुसऱ्याबद्दल माहीत असलेली अशी गोष्ट जी घरच्यांनाही माहीत नाही. चौथी, परस्परांना हाक मारण्याची पद्धत, आणि दुसऱ्याच्या आईवडिलांना हाक मारण्याचीही. हे शेवटचे किरकोळ वाटेल, पण नाते बदलू लागल्यावर तीच हाक मारताना जीभ कशी अडखळते, यावर एक संपूर्ण प्रसंग उभा राहू शकतो.

मैत्री किती जुनी हवी, हा प्रश्न हमखास विचारला जातो. ती बालपणापासूनचीच हवी असे नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडा आणि अमेरिकेतील सुमारे १,९०० लोकांपैकी जवळपास दोनतृतीयांश जणांनी आपले प्रेमसंबंध मैत्रीतून सुरू झाल्याचे सांगितले होते, आणि त्यांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या एका गटात प्रेमापूर्वीची मैत्री सरासरी २२ महिन्यांच्या आसपास होती. म्हणजे दोन वर्षांची, पण पानोपानी दिसणारी मैत्री पुरते. बारा वर्षांची आणि एका वाक्यात आटोपलेली पुरत नाही.

टप्पा ४ : 'आत्ताच का?' याचे उत्तर द्या

इतकी वर्षे काही झाले नाही, मग याच महिन्यात का? सर्वांत दुबळे उत्तर म्हणजे रूप: चष्मा गेला, केस बदलले, आणि मित्राचे डोळे उघडले. त्यातून एवढेच सिद्ध होते की त्या मित्राने आजवर नीट पाहिले नव्हते, आणि मग टप्पा ३ मधील सगळी मेहनत वाया जाते. दुसरे दुबळे उत्तर म्हणजे तिसरी व्यक्ती, जिच्या येण्याने मत्सर जागा होतो. ते चालवायचेच असेल, तर त्या तिसऱ्या व्यक्तीला स्वतःचे घर, स्वतःची इच्छा आणि दुखावले जाण्याचा हक्क द्या. काम झाल्यावर तिला पानावरून हाकलून देणे हा अन्याय आहे, आणि तरुण वाचक तो बरोबर हेरतात.

भक्कम उत्तर बहुधा घराच्या बदलातून येते. परिचित माणूस एखाद्या अपरिचित भूमिकेत दिसतो आणि पाहणाऱ्याची नजर क्षणभर थांबते. उदाहरणात तिचे वडील अचानक परत संपर्क साधतात. आई गप्प होते, भाऊ उत्साहाने वेडा होतो, आणि ती संतापते. आणि त्या संतापात तिने आजवर कधी न वापरलेल्या आवाजात आईशी बोलताना तो तिला प्रथमच पाहतो. तो घाबरतो आणि त्याला ती एकदम मोठी वाटते. कथेचा काटा इथून हलतो.

सोबत एक मुदतही ठेवा: शाळेचे शेवटचे वर्ष, एखाद्या कुटुंबाचे स्थलांतर, बहिणीचे घर सोडणे. मुदत नसेल तर 'नंतर सांगू' हा पर्याय पात्रांना कायम खुला राहतो, आणि समजूतदार पात्रे तोच निवडतील.

टप्पा ५ : निवेदन कोणाचे, ते आता ठरवा

प्रकरणागणिक दोघांनी आळीपाळीने बोलायचे, ही रचना लोकप्रिय आहे आणि फसवीसुद्धा. दोघांचीही मने वाचकाला कळली की 'तो/ती प्रेम करते का' हा प्रश्न संपतो. उरतो फक्त 'कधी बोलतील' हा प्रश्न, आणि तो चाळीस प्रसंग ताणला की वाचक वैतागतो. ही रचना घेतलीत, तर प्रत्येक निवेदकाला घराबद्दलचे एक वेगळे गुपित द्या, म्हणजे वाचकाकडे ताणून धरायला दुसरे काही राहील.

एकाच निवेदकाची निवड केलीत, तर कसरत वेगळी असते: दुसऱ्याचे प्रेम वाचकाला दिसले पाहिजे पण सांगणारीला कळता कामा नये. यासाठी ती जे पाहते ते नेमके सांगू द्या आणि त्याचा अर्थ चुकीचा लावू द्या. 'तो आज भावाला शिकवायला एक तास लवकर आला. घरी कंटाळा आला असेल.' वाचक हसतो, ती नाही.

टप्पा ६ : बदलाच्या पायऱ्या आखा

हा सर्वांत मोठा टप्पा आहे आणि बहुतेक खर्डे इथेच घसरतात. कारण एकच: पहिल्या हलकल्लोळानंतर लेखक थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो आणि मधला भाग उसासे, टक लावून पाहणे आणि धडधडणारी हृदये यांनी भरून काढतो. पायऱ्या ४० प्रसंगांपैकी साधारण दहाव्यापासून तिसाव्यापर्यंत पसरायच्या आहेत.

पहिली पायरी लक्ष जाण्याची: रोजचीच एखादी गोष्ट, जसे तो वाचताना पुटपुटतो, अचानक दिसू लागते. दुसरी सवय बिघडण्याची: पूर्वी सहज होणारे काहीतरी आता विचार करून करावे लागते, दार न वाजवता आत येणारा मुलगा दार वाजवतो आणि तिची आई चकित होते. तिसरी लपवण्याची: दोघांपैकी एक जण पहिल्यांदा दुसऱ्याला एखादी साधी गोष्ट सांगत नाही. चौथी परस्परांना नवे काही सांगण्याची. पाचवी नाकारण्याची: जवळ आल्यावर एक जण मुद्दाम मागे सरतो. सहावी, घरातील कोणीतरी ओळखण्याची. सातवी तुटण्याची, जिच्यासाठी आठवा टप्पा राखून ठेवला आहे.

चौथ्या पायरीवर थोडे थांबू. १९९७ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते. तीन संचांतले हे प्रश्न क्रमाक्रमाने अधिक खासगी होत जात आणि दोघांनीही उत्तरे द्यायची असत. सुमारे ४५ मिनिटांनंतर या जोड्यांना किरकोळ गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा एकमेकांशी अधिक जवळीक वाटली. लेखकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात: सांगणे चढत्या क्रमाने हवे आणि दोन्ही बाजूंनी हवे. एकच पात्र मन मोकळे करते आणि दुसरे नुसते ऐकत राहते, अशा प्रसंगातून प्रेम उभे राहत नाही, समुपदेशन उभे राहते.

अडचण अशी की जुन्या मित्रांना एकमेकांची माहिती आधीच असते. मग नवे काय सांगायचे? बहुतेक वेळा उत्तर घरातच सापडते. आपण घरच्यांबद्दल जे म्हणतो आणि जे वाटते, यांतील अंतर जिवलग मित्रापासूनही लपवलेले असते. ती वर्षानुवर्षे 'मला वडिलांची काही पडलेली नाही' असे म्हणत आली आहे. आता ती सांगते की त्यांचा नंबर तिने कधीच पुसला नाही. तो त्याच्या हसऱ्या, गोंगाटी घराचा सर्वांनी हेवा करावा असे वागत आला आहे. तो सांगतो की त्या घरात त्याचे बोलणे शेवटपर्यंत कोणी ऐकून घेतल्याचे त्याला आठवत नाही. दोघांनी एकमेकांच्या घराबद्दल बाळगलेली समजूत एकाच संध्याकाळी मोडते. स्पर्शाचा उल्लेखही नसलेला हा प्रसंग कादंबरीतला सर्वांत जवळिकीचा प्रसंग ठरू शकतो, आणि या वयाच्या वाचकांसाठी लिहिताना अशाच जवळिकीवर शब्द खर्च करावेत, असे माझे मत आहे.

पायऱ्या आखल्यावर त्यांच्यामध्ये घरचे प्रसंग ओवा, पण नियम असा की घरचा प्रत्येक प्रसंग पुढच्या पायरीला धक्का देणारा हवा. वडिलांचा फोन आला म्हणून भाऊ रडला, भाऊ रडला म्हणून तो ठरलेला दिवस नसताना आला, ठरलेला दिवस नव्हता म्हणून आईने पहिल्यांदा दोघांकडे निरखून पाहिले. 'म्हणून' लावता येत नसेल आणि 'मग' एवढेच लावता येत असेल, तर प्रसंग सुटा आहे; तो गाळा किंवा जोडा.

*सावधान:* घराला 'विश्रांतीचे प्रकरण' समजू नका. माझ्या स्वतःच्या एका खर्ड्यात नायिकेची आई सलग ९० पाने दिसलीच नाही, आणि माझ्या पहिल्या वाचकाने समासात शांतपणे लिहिले होते, 'आई वारल्या का?'

टप्पा ७ : कोणाला, कधी, कसे कळते

तिसरा कागद आता काढा. डावीकडे घरांतील प्रत्येक व्यक्तीचे नाव आणि त्यापुढे तीन गोष्टी: कळते कधी, कळते कशावरून, आणि कळल्यावर ती व्यक्ती पहिली कृती काय करते. हे न केल्यास सगळ्यांना एकाच प्रसंगात, एकाच धक्क्यासह कळते आणि नाटकाचा पडदा पडल्यासारखे होते.

उदाहरणात मोठी बहीण सर्वांआधी ओळखते आणि थट्टा करत नाही. थट्टेच्या घरात तिचे गप्प राहणे हाच मोठा संकेत. आजोबा बोलून जातात, पण ते विसरतात म्हणून कोणी मनावर घेत नाही. भावाला शेवटी कळते, आणि त्याला आनंद होईल अशी सर्वांची खात्री असताना तो चिडतो, कारण त्याच्या लेखी तो मित्र त्याचाही होता.

आईवडिलांच्या विरोधाबद्दल वेगळे सांगायला हवे. विरोधाने प्रेम अधिक पेटते, हे गृहीत धरून अनेक कथानके रचली जातात. १९७२ मध्ये ड्रिस्कॉल, डेव्हिस आणि लिपेट्झ या संशोधकांनी तसा निष्कर्ष मांडलाही होता; पण २०१४ मध्ये तो अभ्यास पुन्हा केला गेला तेव्हा त्याला दुजोरा मिळाला नाही, उलट जवळच्या माणसांची नापसंती आणि नात्यातील कमी विश्वास, कमी समाधान हेच सोबत आढळले. ललित लेखकाने संशोधनाबरहुकूम लिहावे असे अजिबात नाही. पण विरोध हा प्रेमाला मिळणारे फुकटचे इंधन समजू नये. घरचे विरोध करत असतील, तर त्या विरोधाने दोघांचे आपसांतले बोलणे बिघडते, संशय येतो, थकवा येतो, तेही दाखवावे लागेल. शिवाय विरोध करणाऱ्याला एक रास्त कारण द्या. तिची आई नाराज होते ती प्रेमामुळे नव्हे; शेजारच्या घराचा आधार जाईल या भीतीने. तिचे म्हणणे चुकीचे आहे असे वाचकाला ठामपणे म्हणता येऊ नये.

*पडताळणी:* या कागदावर प्रत्येकाची पहिली कृती 'रागावतो' किंवा 'आनंदतो' अशी असेल, तर कागद कोरा समजा. कृती म्हणजे शरीराने केलेले काहीतरी: किल्ली परत मागणे, ताटावरून उठणे, नेहमीपेक्षा लवकर दिवा मालवणे.

टप्पा ८ : तुटण्याचा प्रसंग

साधारण तिसाव्या प्रसंगाच्या आसपास दोघे दुरावतात. इथे गैरसमज वापरू नका. पाच मिनिटांच्या बोलण्याने मिटणारा दुरावा दहा प्रकरणे टिकवणे म्हणजे आपल्याच पात्रांना मूर्ख ठरवणे होय. दुरावा खऱ्या कृतीतून यावा, आणि ती कृती पहिल्या टप्प्यातील घराच्या स्वभावातून यावी. चिडलेला, घाबरलेला तो वडिलांबद्दल तिने सांगितलेली गोष्ट त्याच्या घरच्यांसमोर थट्टेत बोलून जातो, कारण गंभीर गोष्टी हाताळण्याची तीच एक रीत त्याला येते. ती त्याला काही विचारत नाही, भांडत नाही, नुसती बोलणे थांबवते, कारण तिच्या घरी तसेच करतात. दोघेही आपापल्या घराचे लेकरू म्हणून वागले, आणि दोघेही चुकले.

मग टप्पा २ मधील यादी काढा आणि एकेक तोटा प्रत्यक्ष घडवा. वही उघडी राहते. आजोबा विचारतात, ती का येत नाही. यादीतले काहीच घडले नाही, तर वाचकाला तुम्ही उगाच घाबरवले.

टप्पा ९ : कबुली

आता लिहा. दोन अटी पाळा. पहिली, बोलणाऱ्याने घरची शिकलेली रीत मोडली पाहिजे: त्याने थट्टा न करता बोलावे, तिने विचारावे. घरातून घेतलेली सवय सोडणे हेच या वयातले मोठे होणे आहे, आणि प्रेमकथा व कौटुंबिक कथा यांचे टोक इथे एकत्र येते. दुसरी, समोरच्याला 'नाही' म्हणण्याची खरी जागा असावी. इतकी वर्षे साथ दिली, म्हणून आता प्रेम मिळायला हवे, असा हिशेब शब्दांतून किंवा सुरातून डोकावला तरी मैत्री मागे वळून गुंतवणुकीसारखी दिसू लागते आणि वाचकाला तो मित्र आवडेनासा होतो. एक सोपी कसोटी: कबुलीतील शेवटचे वाक्य झाकून ठेवा आणि उत्तर 'नाही' आले आहे असे समजून पुढचे पान लिहून पाहा. बोलणारा त्या पानावर सुसह्य राहिला, तर कबुली योग्य आहे.

पाऊस, स्टेशनावरची धावपळ, टाळ्या वाजवणारा जमाव यांची गरज नाही. दोघांनी अनेकदा एकत्र काम केलेली एखादी जुनी जागा निवडा.

टप्पा १० : कबुलीनंतरची पाने

कबुली शेवटच्या पानावर ठेवण्याचा मोह टाळा. साधारण छत्तिसाव्या प्रसंगात ती यावी आणि पुढचे चार प्रसंग घरांसाठी ठेवावेत. प्रेम जमले म्हणून वडिलांचा प्रश्न सुटत नाही, आजोबांची स्मृती परतत नाही. प्रेमाने घराची जखम बरी होते, असे दाखवणे ही या प्रकारातली सर्वांत गोड आणि सर्वांत खोटी तडजोड आहे. घरची गाठ घरच्यांनीच, निदान थोडी, सैल करायला हवी: ती आईला तो नंबर दाखवते, तो जेवणाच्या टेबलावर 'मला पुरते बोलू द्या' असे म्हणतो. मैत्रीतले काय टिकले, हेही दिसू द्या. जुन्या विनोदाची तिसरी खेप इथे चांगली बसते. काहीतरी कायमचे गेलेही असावे. भाऊ आता गणित स्वतः सोडवतो.

टप्पा ११ : पुनर्लेखन

खर्डा निदान दोन आठवडे बाजूला ठेवा, मग तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन वाचा. जिथे मैत्री कृतीतून दिसते तिथे एक रंग, जिथे घर दिसते तिथे दुसरा, जिथे प्रेमाची चाहूल आहे तिथे तिसरा. नंतर पाने भराभर उलटा. सलग पंधरा पानांत एखादा रंग दिसलाच नाही, तर तिथे काम बाकी आहे. आणि ज्या पानांवर तिन्ही रंग एकमेकांवर चढले आहेत, त्या पानांना शक्यतो हात लावू नका. पुढच्या वाचनात फक्त संवाद मोठ्याने वाचा. सतरा वर्षांची मुले आपल्या भावना नेमक्या शब्दांत समजावून सांगत असतील, तर ते बोलणे त्यांचे नव्हे, तुमचे आहे, निम्मे कापा.

यानंतर खर्डा त्या वयाच्या एक-दोन वाचकांना द्या. 'आवडले का' असे विचारू नका. भिडेपोटी होकारच मिळेल. तीनच प्रश्न विचारा: यांचे जुळणार हे तुला कोणत्या पानावर कळले, कोणत्या पानावर कंटाळा आला, आणि कोणाच्या घरी राहायला जावेसे वाटले. पहिल्या प्रश्नाला दहाव्या पानाचे उत्तर आले, तर टप्पा ३ कडे परत जा. तिसऱ्याला 'कोणाच्याच नाही' असे उत्तर आले, तर टप्पा १ कडे.